जुन्या गाडीचा उजेड नेमका कुठे गळतो? एलईडी बसवण्याआधी हे वाचा

उसाचा हंगाम सुरू झाला की लातूर-बार्शी रस्त्याचे रात्रीचे रूपच बदलते. मुरुडच्या आसपास ढोकीकडे, रांजणीकडे, मांजरा पट्ट्यातील कारखान्यांकडे उसाने लादलेले दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्रभर चालतात, त्यात अधूनमधून बैलगाड्या. ट्रॉलीच्या मागे दिवा असला तर असला, नाहीतर उसाच्या वाढ्यांत झाकलेला. त्यात समोरून एखादी गाडी पांढराशुभ्र झोत टाकत आली की दोन-तीन सेकंद पुढचे काहीच दिसत नाही. (इंटरनेटवर मुरुड शोधले की आधी समुद्र आणि जंजिरा दिसतो. इथे बोलतोय ते लातूर तालुक्यातल्या मुरुडबद्दल.)

या रस्त्यावर दहा-पंधरा वर्षांची वॅगन आर, इंडिका, बोलेरो किंवा सुमो चालवणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते, ‘गाडी चांगली आहे, पण रात्री लाइट पुरत नाही.’ आणि त्यावर बाजारात मिळणारे उत्तरही ठरलेले असते, ‘एलईडी टाका.’ हजार-दीड हजारात जोडी मिळते, बसवायला अर्धा तास लागतो आणि गाडीपुढचा रस्ता लग्नाच्या मांडवासारखा उजळतो. पैसे वसूल झाल्यासारखे वाटते.

बहुतेक जुन्या गाड्यांच्या बाबतीत हा खर्च चुकीच्या जागी होतो. कंपनीतून निघाली तेव्हा हीच गाडी याच बल्बवर रात्री व्यवस्थित चालत होती. मधल्या वर्षांत उजेड थोडा काचेत, थोडा वायरिंगमध्ये, थोडा बल्बमध्ये आणि बराचसा चुकीच्या दिशेला गेलेला असतो. गळती न बुजवता टाकीत जास्त पाणी सोडण्यासारखा हा एलईडीचा उपाय आहे. फरक एवढाच की इथे गळालेला उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

हा केवळ सोयीचा विषय नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा जीव गेला. दिवसाचे तीन-तीन तासांचे भाग पाडले तर सर्वाधिक अपघात संध्याकाळी ६ ते रात्री ९ या वेळेत होतात, एकूण अपघातांच्या सुमारे पाचवा हिस्सा. मुरुडसारख्या गावात हीच वेळ लातूरहून परतणाऱ्यांची असते. दवाखान्यात दाखवून आलेले, क्लासला असलेल्या मुलांना भेटून निघालेले, बाजार समितीचा हिशेब आटोपून घरी चाललेले, सगळे याच वेळी रस्त्यावर असतात.

८० चा वेग आणि डिप्परचा पल्ला

आधी एक साधे गणित. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सरासरी चालकाला दीड सेकंद लागतो असे धरू. तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर कोरड्या डांबरावर, चांगल्या टायरवर, जोरात ब्रेक दाबून थांबायला आणखी ३५-३६ मीटर लागतात. एकूण झाले जवळपास ७० मीटर. ताशी ६० ला हेच अंतर ४५ मीटरच्या आसपास येते आणि १०० ला ते ९८ मीटरपर्यंत जाते.

आता डिप्परचा पल्ला बघा. डिप्परचा झोत जमिनीला समांतर नसतो, तो मुद्दाम किंचित खाली झुकवलेला असतो. बहुतेक गाड्यांत हा झुकाव एक टक्क्याच्या आसपास असतो, म्हणजे दर १० मीटरला १० सेंटिमीटर खाली. हेडलाइट जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंच असेल तर झोताची वरची कड ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. झुकाव दोन टक्के झाला तर तीच कड ३२ मीटरवर टेकते. म्हणजे सगळे अगदी नीट असतानाही डिप्परवर ताशी ८० हा वेग काठावरचा आहे. झोत थोडा खाली बसला असेल तर ६० सुद्धा जास्त. आणि हे झाले फक्त झोत कुठवर पोहोचतो याचे गणित. तिथे पोहोचलेला उजेड मातकट ट्रॉली किंवा काळी म्हैस दिसण्याइतका असतो का, हा पुढचा प्रश्न.

काचेपासून सुरुवात

अ‍ॅम्बॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या गोल हेडलाइटला खरी काच असायची. ती फुटायची, पण पिवळी पडत नसे. अलीकडच्या पंचवीसेक वर्षांतील बहुतेक गाड्यांची ‘काच’ म्हणजे पॉलिकार्बोनेट नावाचे प्लास्टिक. ते हलके आणि मजबूत असते, मात्र उन्हातील अतिनील किरणांनी खराब होते. म्हणून कंपनी त्यावर संरक्षक थर देते. मराठवाड्याच्या उन्हात बारा महिने अंगणात उभ्या असलेल्या गाडीचा हा थर काही वर्षांत झिजतो आणि मग काच आधी धुरकट, नंतर पिवळी पडते.

यात किती उजेड जातो? अमेरिकेतील ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१८ मध्ये याची चाचणी घेतली. पिवळ्या पडलेल्या जुन्या हेडलाइटमधून नव्याच्या तुलनेत जेमतेम पाचवा हिस्सा उजेड बाहेर पडत होता. तीच काच घासून-पॉलिश करून घेतल्यावर तो सुमारे ७० टक्क्यांपर्यंत परत आला. ज्याचा चार भाग उजेड आतच अडतोय त्याने बल्बवर खर्च करण्यात अर्थ नाही.

काम घरीही होते. हेडलाइटभोवतीच्या रंगावर टेप लावायची, काच धुवायची आणि पाणी मारत वॉटर पेपरने घासायची. आधी ८०० किंवा १००० नंबरचा, मग १५००, २००० आणि शेवटी मिळाला तर ३००० चा. पहिल्या पेपरनंतर काच पूर्ण पांढुरकी दिसते, तेव्हा घाबरून थांबायचे नाही. शेवटी रबिंग कंपाऊंड आणि पॉलिश. पण खरी पायरी यानंतरची आहे. घासल्यावर उरलासुरला जुना थरही निघून गेलेला असतो, त्यामुळे वर अतिनील किरण रोखणारा क्लिअर कोट मारावाच लागतो. टूथपेस्टने घासायचे व्हिडीओ मोबाइलवर भरपूर फिरतात. त्याने चमक येते हे खरे आहे. काही आठवड्यांत काच पुन्हा पिवळी पडते, ते मात्र त्या व्हिडीओत कुणी दाखवत नाही.

बाहेरची काच घासता येते, आतला आरसा नाही. बल्बमागचा चंदेरी मुलामा काळपटलेला असेल, सोलला असेल किंवा हेडलाइटमध्ये पाणी साचत असेल तर पूर्ण हेडलाइट बदलण्याला पर्याय नाही. फडक्याने पुसायला गेलात तर मुलामाच फडक्यावर येतो. बदलताना कंपनीचा किंवा कंपनीला माल पुरवणाऱ्या उत्पादकाचाच हेडलाइट घ्या. स्वस्त नकलेत काच चकचकीत असते, आतल्या आरशाचा आकार मात्र नेमका असेलच असे नाही. परदेशातून आलेला जुना हेडलाइट घेत असाल तर अजून एक बघा. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून आपल्या डिप्परचा झोत डाव्या बाजूला थोडा वर चढतो, जेणेकरून साइडपट्टीवरचा माणूस दिसावा. उजवीकडून गाडी चालवणाऱ्या देशांसाठी बनलेला हेडलाइट बरोबर उलट, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत चढतो.

व्होल्ट गेले कुठे?

हा भाग गॅरेजमध्ये सर्वांत कमी तपासला जातो, आणि खूप जुन्या गाड्यांत सर्वांत मोठी गळती नेमकी इथे सापडते.

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्यांत एच-४ प्रकारचा हॅलोजन बल्ब असतो. १९७१ मध्ये आलेल्या या बल्बमध्ये दोन तारा असतात. अप्परची ६० वॅटची आणि डिप्परची ५५ वॅटची. मानकानुसार १३.२ व्होल्ट मिळाले की अप्परला सुमारे १६५० आणि डिप्परला सुमारे १००० ल्युमेन एवढा उजेड मिळतो. व्होल्टेज थोडे कमी झाले तर उजेडही थोडाच कमी होईल असे वाटते. तसे होत नाही. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीन घाताने घटतो. १३.२ ऐवजी १२.२ व्होल्ट मिळाले, म्हणजे व्होल्टेज साधारण साडेसात टक्क्यांनी घटले, तर उजेड जवळपास चौथा हिस्सा कमी होतो. साडेअकरा व्होल्ट मिळाले तर एक तृतीयांशाहून अधिक उजेड गेला. बल्ब पेटलेला दिसतो, पण पेटतो तो कंदिलासारखा पिवळसर.

व्होल्ट जातात वाटेत. खूप जुन्या किंवा साध्या गाड्यांत हेडलाइटचा पूर्ण करंट बॅटरीपासून डॅशबोर्डच्या स्विचपर्यंत, तिथून स्टिअरिंगजवळच्या अप्पर-डिप्परच्या दांडीपर्यंत आणि मग परत पुढे बल्बपर्यंत येतो. दोन बल्बांचे मिळून नऊ-दहा अँपिअर. या वाटेत झिजलेले स्विच, हिरवट गंज चढलेले कपलर, कुणीतरी पीळ घालून टेप मारलेले जोड आणि बॉडीला नीट न भिडलेली अर्थिंग. सगळ्यांचा मिळून फक्त ०.१ ओहम रोध झाला तरी १० अँपिअरला १ व्होल्ट तिथेच उष्णता होऊन संपतो. स्विच किंवा बल्बचा होल्डर हाताला गरम लागणे ही याचीच खूण.

तपासायला एक साधा मल्टिमीटर पुरतो. इंजिन चालू ठेवा, थोडी रेस द्या आणि हेडलाइट लावून बॅटरीच्या दोन्ही टोकांवर व्होल्टेज मोजा. साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवे. तिथेच कमी असेल तर दोष अल्टरनेटर, त्याचा बेल्ट किंवा बॅटरीच्या टर्मिनलचा, आणि आधी तो काढायला हवा. नंतर बल्ब पेटलेला असतानाच त्याच्या कपलरच्या मागच्या बाजूने व्होल्टेज मोजा. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर वायरिंगचे काम निघाले. बल्बच्या अर्थिंगची पिन आणि बॅटरीचे मायनस टोक यांच्यातही एकदा मोजा. इथे शून्याच्या जवळचा आकडा हवा. अनेक गाड्यांत दोष फक्त इथेच असतो. अर्थिंगचा नट काढून खालचा पत्रा घासून परत घट्ट केला की काम झाले, एक रुपयाही लागत नाही.

अर्थिंग नीट करूनही फरक उरला तर रिले. कल्पना सोपी आहे. बॅटरीपासून थेट जाड वायर, साधारण अडीच चौरस मिलिमीटरची, बॅटरीजवळ फ्यूज लावून रिलेला आणि तिथून बल्बला न्यायची. जुन्या स्विचकडून येणारी वायर आता बल्ब पेटवत नाही, रिलेला फक्त ‘लाव’ किंवा ‘बंद कर’ एवढे सांगते. त्यात अँपिअरचा पाचवा भाग करंटही जात नाही. त्यामुळे जुना स्विच गरम होणेही थांबते. अप्परला एक आणि डिप्परला एक असे दोन रिले लागतात. तयार वायरिंग सिरॅमिक होल्डरसकट मिळते, साधारण हजाराच्या आत.

दोन सूचना इथेच सांगायला हव्यात. गाडीत आधीच रिले असेल तर दुसरा बसवून काही साधत नाही, आहे त्याचेच जोड साफ करावेत. शिवाय काही जपानी धाटणीच्या गाड्यांत स्विच प्लसच्या नव्हे तर अर्थिंगच्या बाजूला असतो, तिथे बाजारातले तयार वायरिंग डोळे झाकून लावले तर अप्पर-डिप्परचा गोंधळ होतो. हे काम जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. फ्यूज न लावता बॅटरीवरून थेट वायर ओढणारा कितीही स्वस्तात करून देत असला तरी त्याला नको म्हणा. घासून तुटलेली अशी वायर गाडी पेटवू शकते.

मग बल्ब

काच आणि वायरिंग झाल्यावर बल्बचा क्रमांक लागतो. हॅलोजन बल्ब जळेपर्यंत सारखाच उजेड देत नाही, वयानुसार मंदावतो. त्यामुळे एक गेला की दोन्ही बदलावेत. नावाजलेल्या कंपनीचा साधा ६०/५५ वॅटचा बल्ब दीड-दोनशे रुपयांपासून मिळतो. बसवताना काचेला बोट लागू द्यायचे नाही, बोटाचे तेल तापून तिथे काच कमजोर होते. जास्त उजेडाचे म्हणून विकले जाणारे महागडे हॅलोजनही चालतात. त्यांची तार अधिक नेमकी गुंडाळलेली असते, त्यामुळे उजेड दूर जातो, पण त्यांचे आयुष्य कमी असते. निळसर रंगाचे मात्र टाळा. काचेवरचा निळा थर उजेड वाढवत नाही, त्यातला काही भाग खातो.

९०/१०० किंवा त्याहून मोठ्या वॅटचे बल्ब हा आपल्याकडचा जुना शौक. जीपवाल्यांना विशेष प्रिय. मूळ वायरिंगवर हे लावले की करंट वाढतो, वाटेतले व्होल्टचे नुकसानही वाढते, होल्डर वितळतो आणि आतल्या आरशाचा मुलामा भाजतो. वर्षभराने तोच हेडलाइट पूर्वीपेक्षा मंद. नियमात ते बसत नाहीत ते वेगळेच.

एलईडीचे आकर्षण आणि अडचण

कारखान्यातूनच एलईडी हेडलाइट घेऊन येणाऱ्या नव्या गाड्यांबद्दल इथे बोलत नाही. त्यांचे भिंग, आरसा आणि थंड ठेवण्याची व्यवस्था एलईडीसाठीच आखलेली असते. प्रश्न आहे हॅलोजनसाठी बनलेल्या हेडलाइटमध्ये एलईडी ‘बल्ब’ खोचण्याचा.

एच-४ च्या डिप्परची तार काही मिलिमीटर लांब, अगदी बारीक असते आणि आरशाच्या केंद्राच्या हिशेबाने ठराविक जागी बसवलेली असते. तिच्या खाली धातूची छोटी वाटी असते. ही वाटी खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून आरशाचा फक्त वरचा भाग उजळतो आणि झोत खालच्या दिशेने पडतो. डिप्परची सरळ कड तयार होते ती यातून. या तारेच्या जागी दोन बाजूंना चिकटवलेल्या एलईडीच्या चिप आल्या की उगमाची जागा, जाडी आणि दिशा तिन्ही बदलतात. आरसा तोच राहतो. उजेड भरपूर तयार होतो, पण तो जायला हवा तिथे जात नाही. काही वर जातो, काही गाडीच्या नाकासमोर सांडतो.

नाकासमोर सांडलेला उजेडच फसवा आहे. गाडीपुढचा पंधरा-वीस मीटरचा रस्ता लख्ख दिसला की चालकाला वाटते, लाइट वाढला. पण जवळच्या झगमगाटाला डोळ्याची बाहुली आकसते आणि साठ मीटरवरची ट्रॉली आधीपेक्षाही अंधारात जाते. वर सहा-साडेसहा हजार केल्विनचा पांढरा-निळसर रंग. हॅलोजनचा साधारण ३२०० असतो. हा निळसर उजेड समोरच्याला जास्त खुपतो.

जर्मनीत २०२० पासून अशा एलईडी बल्बांना रस्त्यावर परवानगी मिळू लागली, पण कशी? एकेका गाडीच्या एकेका हेडलाइटमध्ये तो बल्ब तपासून, त्या मॉडेलपुरती. त्या यादीत नसलेल्या गाडीत तोच बल्ब बेकायदा. ‘कोणत्याही गाडीला बसतो’ असे खोक्यावर लिहून विकला जाणारा माल आणि ही पद्धत यांतले अंतर एवढे आहे.

समोरच्या चालकाचे वयही मोजायला हवे. साठीच्या माणसाच्या डोळ्यातील पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण तिसरा हिस्सा उजेड पोहोचतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर प्रखर झोत डोळ्यात पसरतो आणि दिव्याभोवती वलय दिसते. दिपल्यानंतर सावरायलाही वेळ लागतो. ताशी ८० ला दोन सेकंद न दिसणे म्हणजे ४४ मीटर आंधळेपणाने जाणे. तुमच्यासमोरून येणारा ट्रॅक्टरवाला, दुचाकीवरचे काका किंवा एसटीचा चालक या अवस्थेत तुमच्याच दिशेने येत असतो.

भिंत, खडू आणि पाच मीटर

फोकस लावून घेणे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम. बल्ब बदलल्यावर, हेडलाइट काढून परत बसवल्यावर किंवा पुढे छोटी धडक बसल्यावर ते करायलाच हवे.

सपाट जागा आणि एक उभी भिंत शोधा, गोदामाची किंवा शाळेची. टायरमध्ये बरोबर हवा, टाकीत अर्धे इंधन, चालकाच्या जागेवर एक माणूस. डॅशबोर्डवर हेडलाइट खाली-वर करायचे चाक असेल तर ते शून्यावर. गाडी भिंतीला जवळजवळ टेकवा आणि दोन्ही हेडलाइटच्या मध्याची उंची खडूने भिंतीवर मांडा. मग गाडी सरळ मागे घ्या, काचेपासून भिंत बरोबर पाच मीटरवर येईल एवढी. डिप्पर लावा. झोताची वरची आडवी कड खडूच्या रेषेपेक्षा पाच-सहा सेंटिमीटर खाली पडायला हवी आणि डावीकडे ती थोडी वर चढलेली दिसायला हवी. बऱ्याच गाड्यांच्या हेडलाइटवर किंवा बॉनेटखाली १.० किंवा १.२ टक्के असा आकडा छापलेला असतो, तो आपल्या गाडीसाठीचा. तो पाळा. हेडलाइटच्या मागचे स्क्रू फिरवून कड जागेवर आणता येते, एकेक हेडलाइट झाकून.

कडच दिसत नसेल, सगळा उजेड पसरट गोळ्यासारखा दिसत असेल तर बल्ब वाकडा बसलाय, नाहीतर आत नको तो बल्ब आहे. भिंत खोटे बोलत नाही.

आता मराठवाड्यातली खास अडचण. आपण गाडी रिकामी तपासतो आणि भरून चालवतो. मागच्या सीटवर चार जण, डिकीत ज्वारीची दोन पोती. बोलेरो-सुमोचे पाटे आधीच बसलेले. पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर २४० सेंटिमीटर असलेल्या गाडीची मागची बाजू फक्त चार सेंटिमीटर दबली तर झोत १.७ टक्के वर जातो. एक टक्का खाली लावलेला फोकस आता पाऊण टक्का वर. चालकाने काहीही न बदलता त्याचा डिप्पर अप्पर झाला. समोरचा वैतागून अप्पर मारतो आणि आपण म्हणतो, ‘याला काय झालं?’ डॅशबोर्डवरचे ते चाक यासाठीच दिलेले असते, पण ते कशाचे आहे हे गाडी विकेपर्यंत अनेकांना कळत नाही. माणसे बसली की ते एक किंवा दोनवर करा. चाक नसेल तर पाटे आणि शॉकअप बघून घ्या.

जाता जाता समोरची काचही बघा. आतून बसलेला धुराचा-धुळीचा पातळ थर आणि झिजलेल्या वायपरचे ओरखडे समोरून उजेड आला की चमकतात. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत तासाभरात हेडलाइटवर भुशाचा थर बसतो. चहाला थांबलात तर ओले फडके मारून निघा.

नियम कुणासाठी?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १०६ सांगतो की पुढच्या दिव्याचा झोत खाली वळवलेला किंवा चालकाला खाली वळवता येणारा असावा, आठ मीटरवर दीड मीटर उंचीवरच्या डोळ्याला तो दिपवणारा नसावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलात बसत नाही असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे. बंपरवरचे किंवा छतावरचे एलईडी बार लावणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावे.

कागदावर सगळे आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणाला येते आणि नंतर दर पाच वर्षांनी. त्या दिवशी दिवे पाहिले जातात. मधल्या काळात लातूरच्या एमएच-२४ पासून नांदेडच्या एमएच-२६ पर्यंत कोणत्याही गाडीचा फोकस कुणी बघत नाही. हेल्मेट आणि सीटबेल्टच्या पावत्या फाडणे सोपे आहे, डिप्परची कड मोजणे त्याहून थोडेच अवघड. त्यासाठी खर्चिक यंत्र लागलेच पाहिजे असे नाही. पेट्रोल पंपाच्या किंवा बस आगाराच्या एका भिंतीवर उंचीच्या रेषा आणि जमिनीवर पाच मीटरची खूण रंगवली तर ज्याला तपासायचे तो येऊन तपासेल. परिवहन विभागाने दंडाच्या आधी हे करावे.

दुसरी बाजू उसाच्या ट्रॉलीची. हंगामाच्या तोंडावर रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम होते, छायाचित्रे निघतात, आणि महिनाभरात पट्ट्या चिखलाने माखतात किंवा वाढ्यांखाली जातात. यावर आमच्या मते एकच जागा कामाची आहे, कारखान्याचा वजनकाटा. प्रत्येक वाहन तिथे थांबतेच. मागचा दिवा आणि स्वच्छ रिफ्लेक्टर असल्याशिवाय काटा होणार नाही, असे ठरले तर कुणाला रस्त्यावर उभे राहून तपासावे लागणार नाही. बैलगाडीला दिव्याची सोय नसते, तिथे चाकाच्या आऱ्यांना आणि जुवाला लाल-पांढरी पट्टी तरी हवी.

रिफ्लेक्टर स्वतः उजेड देत नाही, आलेला उजेड आला त्याच दिशेला परत पाठवतो. तुमची काच पिवळी आणि व्होल्टेज साडेअकरा असेल तर ट्रॉलीवरची चांगली पट्टीही उशिरा चमकेल. ट्रॉलीवाल्याची पट्टी आणि कारवाल्याचा हेडलाइट मिळून एकच यंत्र होते.

हे सगळे एकदम करायची गरज नाही. येत्या रविवारी काच घासा, अर्थिंगचा नट साफ करा आणि भिंतीसमोर गाडी लावा. मल्टिमीटरचा आकडा त्याच दिवशी लिहून ठेवा. वायरिंगचे काम काढायचे ठरलेच तर इलेक्ट्रिशियनला तो दाखवा आणि काम झाल्यावर त्याच्यासमोर परत मोजा. आणि फोकस नीट लावल्यावरही डिप्परवर दिसणार ते साठ-पासष्ट मीटरच. समोर वाहन नसेल तेव्हा अप्पर, दिसले की लगेच डिप्पर, आणि डिप्पर केल्याबरोबर वेग साठच्या खाली. समोरच्याने अप्पर सोडलाच नाही तर त्याच्या दिव्याकडे न बघता डावीकडच्या पांढऱ्या पट्टीकडे बघत हळू व्हा. जिथे पट्टीच रंगवलेली नाही, आणि ढोकीपासून येडशीच्या रामलिंग घाटापर्यंत अशी जागा लागू शकते, तिथे साइडपट्टीची कड धरून आणखी हळू.